‘क्रिटर्स’चे चारही पार्ट बघायचे का? माझं उत्तर: दोन नक्की, तिसरा गंमत म्हणून, चौथा तुमच्या जबाबदारीवर

तुमचा प्रश्न असा आहे की ग्रेमलिन्स आवडला, मग कुणीतरी म्हणालं त्याच्यासारखाच क्रिटर्स बघ, शोधलं तर त्याचे चार पार्ट निघाले, तर सगळे बघायचे का, आणि असल्या बारक्या राक्षसांच्या पिक्चरचे सिक्वेल एवढे भिकार का असतात.

भिकार म्हणालात ते जरा मनाला लागलं बरं का, कारण माझी सुरुवातच सिक्वेलपासून झालीय. नव्वदच्या दशकात आमच्या चिपळूणला केबलवाला रात्री साडेदहा-अकरानंतर स्वतःच्या व्हीसीआरवर काहीही कॅसेट लावायचा, नाव नाही गाव नाही, कधी कधी तर पिक्चर अर्ध्यातूनच सुरू. अशाच एका रात्री मी आणि माझा आत्येभाऊ आवाज एकदम बारीक करून बसलो होतो आणि पडद्यावर एक केसाळ गोळा, चांगला खोलीएवढा, गडगडत आला, एका माणसाच्या अंगावरून गेला आणि मागे नुसता सांगाडा उरला. तेवढ्यात आजी पाणी प्यायला उठली, दोन मिनिटं उभी राहून बघितलं आणि म्हणाली, "जळ्ळी मेली ती उंदरं, घरात आली तर चपलेनं मारीन." तो क्रिटर्सचा दुसरा पार्ट होता हे मला पुढे दहा-बारा वर्षांनी कळलं.

आधी थोडी ओळख, म्हणजे पुढचं समजेल. पहिला क्रिटर्स १९८६ चा, दिग्दर्शक स्टीफन हेरेक, कंपनी न्यू लाइन. अंतराळातल्या तुरुंगातून ‘क्राइट’ नावाचे हावरट प्राणी पळतात आणि अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये ग्रोव्हर्स बेंड नावाच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरावर तुटून पडतात. आकार फुटबॉलपेक्षा थोडा मोठा, डोळे लाल, तोंडात नुसते दातच दात, साळिंदरासारखे पाठीवरून काटे सोडतात आणि पळायचं असलं की अंगाचा गोळा करून गडगडत सुटतात. त्यांच्या मागावर दोन भाडोत्री शिकारी, ज्यांना कुणाचाही चेहरा घेता येतो. त्यातला अग नावाचा एका रॉकस्टारचा चेहरा घेतो (टेरेन्स मान, हा माणूस पुढच्याच वर्षी ब्रॉडवेवर ले मिझराब्ल या गाजलेल्या संगीत नाटकात इन्स्पेक्टर जावेर झाला, आता बोला), आणि दुसऱ्या ली ला चेहरा काही ठरवताच येत नाही, तो दिसेल त्याचा घेत सुटतो, गावच्या पाद्र्याचा पण. क्राइट लोकांची भाषा आपल्याला कळत नाही म्हणून खाली सबटायटल येतं. एक क्राइट घाबरून म्हणतो यांच्याकडे हत्यारं आहेत, दुसरा म्हणतो असू देत की, आणि तेवढ्यात त्याच्या चिंधड्या उडतात. माझ्या मते अख्ख्या सिरीजचा जीव त्या एका जोकमध्ये आहे.

ग्रेमलिन्सची नक्कल म्हणून याला सगळ्यांनी हिणवलं, पण हेरेकचं म्हणणं असं की स्क्रिप्ट ग्रेमलिन्सच्या आधीच लिहून झालं होतं. पैसे मिळाले मात्र ग्रेमलिन्सच्या जोरावर हे उघड आहे. १९८४ ला ग्रेमलिन्स साधारण १ कोटी १० लाख डॉलरमध्ये झाला आणि एकट्या अमेरिकेत १५ कोटींच्या आसपास कमावून बसला, मग काय, ज्याच्याकडे रबर आणि गोंद होता तो प्रत्येक जण बारका राक्षस करायला लागला. घूलीज आला, मंचीज आला. मंचीजची गंमत म्हणजे तो रॉजर कॉर्मनने काढला आणि दिग्दर्शनाला घेतली टीना हर्श, म्हणजे जिने मूळ ग्रेमलिन्सचं एडिटिंग केलं होतं तीच बाई! नक्कल करायची तर अशी, थेट मूळ घरातूनच माणूस उचलायचा. बघू मात्र नका, मी बघितलाय, तेवढं पुरे.

आता तुमचा खरा प्रश्न, सिक्वेल का घसरतात. माझं मत असं की या पिक्चरांत हिरो कोण हेच प्रोड्यूसर लोक विसरतात. हिरो ते बाहुलं आहे. आणि बाहुलं हा हिरो स्वस्त नसतो राव, कारण क्राइट म्हणजे मुळात हातात घालायची बाहुली, चियोडो ब्रदर्स म्हणून भाऊ आहेत त्यांनी बनवलेली, तिला जमिनीवर चालताना दाखवायचं तर खाली माणूस झोपवायला लागतो, सेटची जमीन उचलून घ्यायला लागते किंवा सोफ्यामागे कुणाला तरी कोंबायला लागतं, जवळून तोंड दाखवायचं तर ओठ-डोळे हलवायला वेगळी यंत्रणा, आणि एका फ्रेममध्ये पाच क्राइट हवे असतील तर पाच जणांचे हात आणि ते सगळे कॅमेऱ्यात न दिसता. अर्धा दिवस त्यात जातो. नट उशिरा आला तर वाट बघता येते, बाहुलीचा डोळा अडकला तर अख्खं युनिट बसून राहतं. त्यामुळे बजेट कापलं की पहिली कात्री बाहुलीच्या सीनला लागते, आणि मग पडद्यावर माणसं अंधाऱ्या पॅसेजमधून टॉर्च घेऊन चालत बसतात, चालतच बसतात. असल्या सिक्वेलची परीक्षा मी एकाच गोष्टीवरून करतो, प्राणी किती वेळाने दिसतो आणि एका वेळी किती दिसतात.

या परीक्षेत क्रिटर्स २ पहिल्या नंबराने पास होतो. १९८८, मिक गॅरिसचा दिग्दर्शक म्हणून थिएटरमधला पहिला पिक्चर, आणि त्याच्या जोडीला लिहायला डेव्हिड टूही, म्हणजे पुढे जाऊन पिच ब्लॅक हा अंतराळातल्या राक्षसांचा पिक्चर करणारा. पहिल्याच्या शेवटी कोंबड्यांच्या खुराड्यात अंडी दाखवली होती ना, ती अंडी दोन वर्षांनी कुणाच्यातरी हाती लागतात आणि नेमका सण येतो ईस्टर. ईस्टरला रंगवलेली अंडी लपवतात आणि पोरं ती शोधतात, वसईकरांना आणि गोव्याच्या लोकांना हे सांगायला नको. तर ही क्राइटची अंडी मस्त रंगवून गावभर पोरांसाठी ठेवली जातात. काय डोकं आहे बघा! पहिल्यात सगळं एका घरात होतं, इथे अख्खं गाव, चर्च, बर्गरचं हॉटेल, सगळीकडे क्राइट. गावचा शेरीफ सशाचा ड्रेस घालून ईस्टर बनी झालेला असतो आणि त्याच ड्रेसमध्ये चर्चच्या खिडकीतून आत येऊन पडतो, भर प्रार्थनेत. आणि शेवटी सगळे क्राइट एकत्र येऊन तो मोठा गोळा होतात, आमच्या आजीची उंदरं.

मला यात आवडतं ते असं की करणाऱ्यांना कळलेलं होतं, लोक आता घाबरायला येत नाहीयेत, क्राइट काय खातात ते बघायला येतायत. म्हणून लपवाछपवी नाही, प्रस्तावना नाही. पहिल्यात भीती जास्त आणि हसू कमी, दुसऱ्यात उलटं, आणि ते उलटं करणंच बरोबर होतं, कारण एकदा प्राणी बघून झाला की त्याला परत अंधारात लपवून काय उपयोग. पण नशीब बघा, पहिल्याने अमेरिकेत १ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास केले होते, दुसऱ्याला ४० लाखसुद्धा जमले नाहीत. चांगला असून पडला. तिथून पुढचे दोन्ही थेट व्हिडिओ कॅसेटवर.

तिसरा १९९१ चा, क्रिस्टीन पीटरसन दिग्दर्शक. लॉस एंजेलिसमधली एक मोडकी भाड्याची बिल्डिंग, घरमालकाला भाडेकरू हाकलायचेत, आणि त्या मालकाच्या सावत्र पोराचं काम केलंय लिओनार्डो डिकॅप्रिओने. हो, तोच. त्याचा आयुष्यातला पहिला पिक्चर, वय सोळा-सतरा, कपाळावर केस, चेहऱ्यावर ‘मी इथे काय करतोय’. मुंबई-पुण्यात जुन्या चाळीत राहिलेल्याला बाकी पिक्चर फार ओळखीचा वाटेल, मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू हटत नाहीत, इथे फक्त उंदरांच्या जागी क्राइट. कल्पना खरं तर चांगली आहे, पण पैसे नाहीत हे दर दहा मिनिटांनी दिसतं, लोक जिन्यावरून वर जातात, खाली येतात, परत वर जातात. स्वयंपाकघरात क्राइट जो धिंगाणा घालतात तेवढा भाग मात्र बघाच, तेवढ्यासाठी पैसे शिल्लक ठेवलेले असणार.

चौथा तिसऱ्याबरोबर एकापाठोपाठ शूट केलेला, बाहेर आला १९९२ ला. तिसरा संपतो तेव्हा चार्ली (गावचा तो वेडसर माणूस, डॉन ऑपर, चारही पार्टमध्ये आहे बिचारा) शेवटची दोन अंडी घेऊन अंतराळात अडकतो आणि जागा होतो थेट २०४५ मध्ये. म्हणजे अंतराळयान, म्हणजे परत पॅसेज, म्हणजे परत चालणं. क्राइट इतके कमी दिसतात की मी एकदा झोप लागून उठलो तरी काही चुकलं नव्हतं. त्यात चारही पार्टमधला आपला अग इथे व्हिलन करून टाकलाय, त्याचा मला अजून राग आहे. पण नट बघा, अँजेला बॅसेट आहे, आणि ब्रॅड डुरिफ आहे, म्हणजे चाइल्ड्स प्लेमधल्या चकी बाहुल्याचा आवाज.

चकीवरून आपल्याकडचा झाला तो तात्या विंचू, त्याच्याशिवाय हे उत्तर पूर्ण कसं होणार. १९९३ चा झपाटलेला, महेश कोठारेंचा, बाहुलं रामदास पाध्यांचं, आणि माझी ती वरची परीक्षा इथे पण लावून बघा. बजेट हॉलिवूडच्या मानाने काहीच नाही, पण बाहुलं ठळक उजेडात आहे, बोलतंय, शिव्या घालतंय, लक्ष्याच्या मागे लागलंय. ‘ओम फट् स्वाहा’ आजही कुणीही म्हणून दाखवेल. झपाटलेला २ आला २०१३ ला, वीस वर्षांनी, थ्रीडीत. मी थिएटरला गेलो, चष्मा घातला, तात्या अंगावर आला, टाळ्या पण वाजवल्या, पण लक्ष्मीकांत बेर्डे नव्हते आणि ते सारखं जाणवत होतं. म्हणजे माझा नियम इथे थोडा मोडतो, बाहुलं हिरो असतं खरं पण त्याला घाबरणारा माणूस पण तेवढाच ताकदीचा लागतो. क्रिटर्स ३ मध्ये तोच तर लोचा आहे, डिकॅप्रिओ पुढे कितीही मोठा झाला तरी त्या वयात क्राइटकडे बघून घाबरायला त्याला येत नव्हतं.

घूलीजचं पण विचारतील कुणीतरी म्हणून पटकन सांगतो. पहिल्याचं पोस्टर जगप्रसिद्ध, संडासाच्या भांड्यातून वर येणारं हिरवं भूत, आणि पिक्चरमध्ये त्याचा संबंध अगदी नावापुरता. लोकांनी पोस्टर बघून कॅसेट घेतली आणि कपाळाला हात लावला. दुसऱ्या पार्टमध्ये मात्र जत्रेतल्या भूतबंगल्यात गोष्ट नेली आणि पोस्टरवरचं वचन खरोखर पूर्ण केलं, संडासासकट. म्हणजे इथे पण दुसराच चांगला. तिसऱ्यात ते कॉलेजला जातात आणि बोलायला लागतात, चौथ्यात बाहुल्या जाऊन ड्रेस घातलेली बुटकी माणसं येतात, तिथे मी थांबलो.

तर तुम्ही असं करा, शनिवारी रात्री पहिला आणि लगेच दुसरा, मध्ये गॅप नको कारण ती खुराड्यातली अंडी डोक्यात ताजी असली पाहिजेत. आवडलं तर दुसऱ्या दिवशी तिसरा, मित्रांना न सांगता लावा आणि डिकॅप्रिओ कोण आधी ओळखतो बघा. चौथा लावलात तर उशी जवळ ठेवा. आणि २०१९ मध्ये क्रिटर्स अटॅक म्हणून एक नवीन काढलाय, पहिल्यातली आई म्हणजे डी वॉलेस (ईटीमधली पण आई तीच, म्हणून पहिल्यात एक क्राइट ईटीच्या बाहुल्याचं मुंडकं खातो) परत आणलीय. तो वरच्या चारांनंतरच बघा, आधी बघितलात तर माझ्यावर बिल फाडू नका.