विषय काळा असला तरी चालेल, नेम कोणावर आहे ते सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्रांच्या ग्रुपवर तुम्ही कॅन्सरवरचा एक विनोद टाकला, एक मित्र काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला, आणि उरलेले म्हणतायत की त्याला विनोद कळत नाही. तर डार्क ह्यूमर, म्हणजे काळा विनोद, आणि दुखावणं यांच्यातली रेषा कुठे ओढायची?

आधी त्या उरलेल्यांना उत्तर देतो, कारण ‘विनोद कळत नाही’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ज्याला विनोद कळत नाही तो ‘म्हणजे काय?’ असं विचारतो, नाहीतर सरळ पुढचा मेसेज वाचतो. उठून जाणाऱ्याला विनोद पुरेपूर कळलेला असतो. कोणाला हसायचं ठरलंय हेही कळलेलं असतं. हे वाक्य फेकणारे विनोदाचा कैवार घेतल्यासारखं बोलतात, पण सुटका स्वतःची करून घेतात.

‘अशा विषयांवर विनोद करूच नये’ म्हणणाऱ्यांशीही माझं तितकंच वाकडं आहे. मरण, आजारपण, युद्ध यांच्यावर माणसं कायम हसत आली आहेत, आणि ज्यांच्यावर ते बेतलं तीच जास्त हसली आहेत. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९०५ साली विनोदावरच्या आपल्या पुस्तकात एक उदाहरण दिलंय: सोमवारी फाशीला नेला जाणारा कैदी म्हणतो, आठवड्याची सुरुवात तर छान झाली. पुढे १९४२ मध्ये ओब्रद्लिक नावाच्या समाजशास्त्रज्ञाने नाझींच्या ताब्यातल्या चेकोस्लोव्हाकियातल्या अशा विनोदांवर लिहिलं. त्याचं म्हणणं असं की हा विनोद दबलेल्यांचा धीर टिकवतो आणि दाबणाऱ्यांचं मनोधैर्य पोखरतो. म्हणजे विषयांची यादी करून ‘हे चालतं, हे चालत नाही’ ठरवणारी रेषा कुचकामी आहे. कॅन्सर हा विषय चालतो. प्रश्न नेम कोणावर आहे हा आहे, आणि त्यानंतर अंतराचा.

अंतराबद्दल बोलायचं तर गिल्बर्ट गॉटफ्रीड या अमेरिकन विनोदी नटाचं प्रकरण नीट बघायलाच हवं, कारण ते नेहमी अर्धंच सांगितलं जातं. सप्टेंबर २००१ च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये फ्रायर्स क्लब या कलाकारांच्या क्लबने ‘प्लेबॉय’ मासिकाचा संस्थापक ह्यू हेफनर याचा रोस्ट, म्हणजे एखाद्याला समोर बसवून त्याची यथेच्छ खेचण्याचा कार्यक्रम, ठेवला होता. विमानं आदळून तिथले जुळे मनोरे पडले त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. गॉटफ्रीड म्हणाला, मला आज लवकर निघायचंय, कॅलिफोर्नियाचं विमान आहे, पण थेट विमान मिळालं नाही; वाटेत एम्पायर स्टेट बिल्डिंगला थांबावं लागणार आहे. सभागृह खवळलं. कोणीतरी ओरडलं, ‘फार लवकर!’ मग त्याने विनोदी नटांच्या वर्तुळात पूर्वापार चालत आलेला एक अत्यंत अश्लील किस्सा सुरू केला, आणि तीच माणसं हसून हसून कोसळली.

ही गोष्ट बहुतेक जण ‘कलाकाराचं धाडस’ म्हणून सांगतात आणि तिथेच थांबतात. मला त्यात दुसरंच दिसतं. तेच प्रेक्षक पाच मिनिटांनी त्याहून घाण ऐकून हसले, म्हणजे ते सोवळे नव्हते आणि त्यांची हसण्याची ताकदही गेली नव्हती. विनोदात मेलेल्यांची टिंगल नव्हती. नेम विमानप्रवासाच्या भीतीवर होता, आणि सांगणारा स्वतः त्याच शहरातला, त्याच हादऱ्यातला. कमी पडलं ते फक्त अंतर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला समोरचे चेहरे दिसत होते. चूक झाल्याचं त्याच क्षणी कळलं आणि त्याच क्षणी त्याने दिशा बदलली.

आता पुढचा अर्धा भाग. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली. पुढच्या दोन-तीन दिवसांत त्याच गॉटफ्रीडने ट्विटरवर त्सुनामीवरच्या विनोदांची माळच लावली. ॲफ्लॅक या विमा कंपनीच्या जाहिरातीतल्या बदकाला त्याचा आवाज होता. कंपनीने १४ मार्चला त्याला काढलं. त्याने ते विनोद काढून टाकले आणि माफी मागितली. कंपनीचा बहुतांश धंदा जपानमध्ये होता म्हणून तिने तसं केलं असं म्हणणारे भेटतात. असेल. पण त्याने विनोद चांगला ठरत नाही. या वेळी मेलेली माणसं परक्यांची होती, सांगणारा हजारो मैलांवर सुरक्षित होता, शोधकार्य चालू होतं आणि समोर एकही चेहरा नव्हता. एक विनोद अंदाज चुकून जातो. ओळीने अनेक टाकले की तो अंदाज राहत नाही. २००१ च्या विनोदाची बाजू मी कुठेही घेईन, २०११ ची घेणार नाही. आणि पहिल्याचा दाखला देऊन दुसऱ्या प्रकारचे विनोद खपवणाऱ्यांशी वाद घालायला मी कधीही तयार आहे.

‘शोकांतिका अधिक काळ म्हणजे विनोद’ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण ते तितकं सरळ नाही. मॅकग्रॉ हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळावरचे विनोद वेगवेगळ्या तारखांना लोकांना दाखवले. वादळाच्या तडाख्यानंतर ते कमी विनोदी वाटू लागले, मग पुन्हा चढले, साधारण ३६ व्या दिवशी सर्वांत विनोदी वाटले आणि त्यानंतर परत घसरले. म्हणजे फार जवळून दुखतं आणि फार लांबून काहीच वाटत नाही. त्यांच्याच आणखी एका अभ्यासात दिसलं की मोठं संकट जुनं असेल तर जास्त हसू येतं आणि किरकोळ फजिती ताजी असेल तर. यावरून मी एक हिशेब धरतो: अंतर तीन प्रकारचं, काळाचं, जागेचं आणि नात्याचं. विषय मरणाइतका जड असेल तर ऐकणाऱ्यापासून त्यातली किमान दोन अंतरं हवीत. एकच असेल तर विनोद वहीत ठेवा.

इथे कॅन्सरची खास अडचण आहे. जगात साधारण पाचांतल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी कॅन्सर होतो. म्हणजे वीस जणांच्या ग्रुपमध्ये कोणाच्या तरी घरात तो होऊन गेलाय, चालू आहे किंवा परवाच रिपोर्ट आलाय, असं धरूनच चालायचं. विमान अपघातावरचा विनोद करताना ही शक्यता कमी असते.

आता नेम. तुम्ही कोणता विनोद टाकला ते लिहिलेलं नाही, म्हणून मीच दोन घेतो.

पहिला: ‘केमोचा एक फायदा झाला, शाम्पूचा खर्च वाचला.’ पेशंट स्वतः म्हणाला तर तो आजाराच्या वर चढून बसतो, नेम आजारावर. तेच वाक्य मित्र म्हणाला की नेम पेशंटच्या टकलावर. एक अक्षरही न बदलता विनोदाची कुचेष्टा झाली.

दुसरा: ‘भेटायला येणारा प्रत्येक जण नवा उपाय सांगून जातो. आजाराने मरेन की नाही ठाऊक नाही; उपायांनी नक्की.’ यात मरण तेवढंच आहे, किंबहुना जास्त उघड आहे, पण नेम फुकट सल्ले देणाऱ्यांवर आहे. हा पेशंटने सांगितला तर उत्तमच. जवळच्या माणसाने ‘मरेल’ असं करून पेशंटच्या देखत सांगितला तरी बहुधा पेशंटच आधी हसेल.

नेम तपासायचा असेल तर विनोदाखाली एक वाक्य लिहून काढा: याला हसण्यासाठी ऐकणाऱ्याने काय मान्य करायला हवं? पहिल्याला मित्राच्या तोंडून हसायचं तर ‘केस गळालेला माणूस हास्यास्पद दिसतो’ हे मान्य करावं लागतं. दुसऱ्याला ‘आगंतुक सल्ले छळतात’ एवढंच. ते लिहिलेलं वाक्य मोठ्याने वाचायची लाज वाटली तर विनोद सोडून द्या. एखाद्या समाजावरचा विनोद असेल तर समाजाचं नाव बदलून बघा. कोणतंही नाव घालून तो तसाच चालत असेल तर त्यात निरीक्षण काही नाही, नुसती शिवी आहे. ‘विनोदाने कोणाचं काय बिघडतं’ म्हणणाऱ्यांसाठी फोर्ड हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांचा २००८ चा प्रयोग आहे: ज्या पुरुषांच्या मनात आधीच स्त्रियांविषयी आकस होता, त्यांनी स्त्रियांना हिणवणारे विनोद वाचल्यानंतर स्त्रियांच्या संस्थेला द्यायची देणगी कमी केली. तसलीच मतं विनोदाशिवाय वाचायला दिली तेव्हा हा परिणाम दिसला नाही. विनोदाने त्यांना मोकळीक दिली.

‘रोस्टमध्ये तर याहून वाईट बोलतात’ हेही ऐकायला मिळेल. रोस्टमध्ये तीन गोष्टी असतात: ज्याची खेचायची त्याने आधी होकार दिलेला असतो, तो समोर बसलेला असतो, आणि शेवटी उलट बोलायची पाळी त्याची असते. व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं एकही नसतं. मी तर म्हणेन, ‘त्याला राग येईल का?’ यापेक्षा ‘त्याला यावर सवाई उत्तर देता येईल का?’ हे विचारा. ज्याच्या आईचा रिपोर्ट परवा आला तो सवाई काय बोलणार?

बांधणीबद्दल थोडं, कारण निम्मी दुखावणूक कच्च्या कामातून होते. भीषण गोष्ट पहिल्या वाक्यातच सांगून टाका, कलाटणी शेवटी. उलट केलं, म्हणजे भीषण शब्दच शेवटी धक्का म्हणून ठेवला, तर लोक दचकून हसतात आणि दुसऱ्या क्षणी तुमच्यावर चिडतात. विनोद जितका काळा तितका आखूड. दोन वाक्यांच्या वर गेलात की ऐकणाऱ्याला चित्र रंगवायला वेळ मिळतो आणि चित्र रंगलं की हसू मरतं. मराठीत क्रियापद शेवटी येऊन पंच, म्हणजे हसवणारा शेवटचा फटका, बोथट करतं, म्हणून ते गाळता येतं का बघा. वर ‘उपायांनी नक्की’ इथेच थांबलोय, ‘नक्की मरेन’ म्हटलं की धार गेली. पंच झाला की गप्प बसा. समजावून सांगू नका, स्वतः आधी हसू नका. काळ्या विनोदाने कधीही सुरुवात करू नका. आधी दोन हलके जाऊ द्या, म्हणजे तुमचा मूड कसा आहे ते लोकांना कळतं. आणि लिखित मेसेजमध्ये आवाज नसतो, चेहरा नसतो, फॉरवर्ड झाला की संदर्भही जातो. हसरा इमोजी लावून यातलं काही भरून निघत नाही. तोंडी सांगितला असता तर खपला असता असा विनोद टाइप करताना हमखास पडतो.

दोन गोष्टी राहिल्या. डॉक्टर, नर्स, अग्निशमन दलातले लोक आपापसात जे बोलतात ते या मापाने मोजू नका. तो कामाचा ताण उतरवण्याचा मार्ग आहे आणि तो त्यांच्या खोलीत राहतो तोवर ठीक आहे. आणि कोणी स्वतःच्याच मरणावर सारखे विनोद करू लागला तर टाळी देऊन पुढे जाऊ नका. जीव द्यायचा विचार मनात येतोय का, असं एकांतात सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही.

तुमच्या मित्राचं: अजून होत असेल तर तो विनोद सर्वांसाठी डिलीट करा आणि त्याला आजच एकट्याला मेसेज करा. दोन वाक्यं पुरेत, ‘मी टाकलेला विनोद वाईट होता. माफ कर.’ ‘दुखावला असशील तर’ नको, ‘माझा हेतू तसा नव्हता’ नको, कोणाला काय झालंय ही चौकशी नको आणि ग्रुपवर परत ये असा आग्रह तर मुळीच नको. उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज टाकू नका. आठवडाभराने नेहमीच्या एखाद्या कामासाठी फोन करा, आणि त्याने विषय काढला तरच त्यावर बोला.