एकाला दफन, एकीला दहन, जागा एकच चालेल का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं कॅलिफोर्नियात आहे. आम्ही लिंगायत, आमच्यात रुद्रभूमीत बसवून पुरतात. भावजय मराठ्याची, तिला दहनच पाहिजे. दोघं आता तिथल्या मेमोरियल पार्कात, म्हणजे दफनभूमीत, जागा बुक करायला निघालेत आणि सेल्समन म्हणतोय डबल क्रिप्ट घ्या. फोटोत तर रंकाळ्याच्या पदपथ उद्यानासारखी बाग दिसते, थडगं एक पण नाही! हा काय प्रकार? दोघांना एकत्र जागा मिळेल का?
– एक भगिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, थडगं दिसू नये म्हणूनच तर सगळी आखणी असते. ही टूम त्यांच्याच राज्यातली, ग्लेनडेलच्या फॉरेस्ट लॉन या दफनभूमीत तिचे चालक ह्युबर्ट ईटन यांनी १९१७ पासून रुजवली, उभे दगड नकोत, जमिनीसपाट पाट्या बसवायच्या, म्हणजे नुसती हिरवळ दिसते आणि गवत कापायचं मशीन पण सरळ वरून फिरतं. माती खचू नये म्हणून शवपेटीबाहेर काँक्रीटची अजून एक पेटी घालतात, तिला व्हॉल्ट म्हणतात. कायदा सहसा ती मागत नाही, पार्कवाले मागतात, आणि तिचे पैसे वेगळे.

डबल क्रिप्ट म्हणजे एकाच खड्ड्यात खाली-वर दोन शवपेट्या. पण भावजयीचं दहनच होणार असेल तर दुसरी पेटी येणार कुठनं? मला तरी हे उगाच गळ्यात मारणं वाटतं. बऱ्याच पार्कात एका साध्या प्लॉटमधे एक शवपेटी आणि वर अस्थींचा कलश ठेवू देतात, त्याला दुसऱ्या दफनाच्या हक्काची फी पडते एवढंच. तेच विचारायचं. भिंतीतले कप्पे, कलशासाठी कोनाडे, अस्थींची वेगळी बाग असलं पण असतं, पण त्यात तुमच्या भावाचं काम नाही.

बसवून पुरायचं मात्र अवघड आहे, व्हॉल्ट आडव्या पेटीच्या मापाचा असतो. काही ठिकाणी ग्रीन बरियलचा भाग असतो, तिथे व्हॉल्ट नाही आणि नुसत्या कापडात गुंडाळून ठेवलेलं चालतं, तिथे बोलून बघा, इष्टलिंग आणि विभूतीचं पण आधीच सांगून ठेवा. परवानगी मागायला लाजू नये, आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इटलीत फ्लॉरेन्समधे वारले तेव्हा खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, आज तिथे काशिने पार्कात त्यांची छत्री आहे.

आता पैशाचं. आपल्याकडे पंचगंगेच्या स्मशानात महापालिका पैसे घेत नाही, लोक आपणहून शेणी दान करतात, त्यामुळे ही बिलं वाचून तुम्हाला गरगरेल. प्लॉट घेतला म्हणजे जमीन नावावर होत नाही, फक्त तिथे पुरायचा हक्क मिळतो. खड्डा काढणं-बुजवणं वेगळं, पाटी वेगळी, पाटी बसवायचे परत वेगळे. किमतीतला काही भाग देखभालीच्या फंडात जातो आणि त्याच्या व्याजावर हिरवळ राखतात, पण पाटी फुटली तर ते बघतीलच असं नाही. हे सगळं आकड्यासकट लेखी घ्यायला सांगा, आणि करारात भावजयीचं नाव कलशासाठी म्हणून आत्ताच घालून घ्या, नाहीतर पुढे पोरांना ऑफिसात हेलपाटे.