एचएसजी टेस्टनंतर किती दिवस त्रास होतो? काय काळजी घ्यावी?

दोन दिवस. एचएसजी म्हणजे गर्भाशयात डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव) सोडून गर्भनळ्या मोकळ्या आहेत का ते पाहायचा एक्स-रे. कळा पाळीसारख्या असतात, बहुतेक त्याच दिवशी ओसरतात. थोडे डाग एक-दोन दिवस पडतात. चिकट पाण्यासारखं जातं ती आत सोडलेली डाय असते, घाबरू नका. पॅडच वापरा, कप किंवा टॅम्पॉन नको, आणि दोन दिवस संबंध टाळा.

आता माझं सांगते. पाळीच्या आठव्या दिवशी टेस्ट झाली. डाय आत गेली तशी अशी कळ आली की मी टेबलाची कड घट्ट धरली. उठले तर डोळ्यांपुढे अंधारी. थोडं पडू द्या म्हटलं, तर सोबत आलेल्या नणंदबाई म्हणाल्या, "फोटोच तर काढलाय. एवढ्यात ही गत, मग बाळंतपण कसं सोसशील?" एसटीत दीड तास उभी राहून घरी आले. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते, वीस माणसांच्या पोळ्या लाटल्या. तिसऱ्या दिवशी १०१ ताप, ओटीपोट ठणकतंय, अंगावरून जातंय त्याला घाण वास. "होतं असं," पुन्हा तेच. तो दिवस मी अंगावर काढला, ती माझी चूक. डॉक्टरांनी संसर्ग सांगितला. इंजेक्शनं आणि चौदा दिवस अँटिबायोटिक.

कळ सोसणं वेगळं आणि ताप अंगावर काढणं वेगळं. ताप, वास, वाढत जाणारं दुखणं किंवा तासाला पॅड भिजेल इतका रक्तस्राव, यातलं काहीही झालं तर घरात कोणाला विचारत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि माझ्या दोन्ही नळ्या मोकळ्या निघाल्या. नवऱ्याची वीर्यतपासणी मात्र आठ महिन्यांनी झाली, दोष तिथे होता. ती साधी तपासणी आधी करा असं मी पहिल्यापासून म्हणत होते. तुमच्याकडे झाली नसेल तर आधी ती करून घ्या.

माझ्यासारखा संसर्ग क्वचित होतो, शंभरात एखादीला. आधी नळ्यांना सूज किंवा संसर्ग झालेला असेल तर धोका वाढतो, म्हणून ते आणि आयोडीनची अ‍ॅलर्जी असल्यास तीही टेस्टआधीच सांगा. वेदनाशामक तासभर आधी घ्यायची का, तेही विचारून ठेवा. परत येताना रिक्षा करा, ताई.