'नजर फिरवणे' की नजरेची संगत?

बडोद्यात ऑप्टोमेट्री शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: "हलत्या वस्तूबरोबर डोळे सावकाश सरकतात, त्या हालचालीला आम्ही 'स्मूद पर्सूट' म्हणतो. मराठी पेशंटला सांगताना 'नजर फिरवणे' म्हटले तर चालेल का? की 'पाठलाग' बरा?"

माझ्या मते दोन्ही नकोत.

'नजर फिरवणे' कानाला गुळगुळीत लागते. फडताळावरून नजर फिरवली म्हटले की पाठीवरून हात फिरवावा तशी नजर फिरली, असे वाटते. डोळा मात्र तसा फिरतच नाही. समोरचे सगळे स्थिर असले की तो उड्या मारतो. या डब्यावर थबकला, त्या बरणीवर थबकला, सेकंदाला साधारण तीन उड्या. या उडीला तुमच्या पुस्तकात 'सॅकेड' म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ हिसका. घोड्याचा लगाम झटक्याने ओढला की बसतो तसा. म्हणजे 'नजर फिरवणे' हे नेमके या उड्यांचे नाव आहे, तुम्हाला हवे त्याच्या उलट.

यंदा उत्तरायणाला दांडिया बाजारातल्या एका गच्चीवर मी हे भाचीच्या डोळ्यांत पाहिले. एक पतंग कापला गेला आणि वाऱ्यावर हेलकावत दूर निघाला. फिरकी हातात धरून ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिची बुबुळे तेलावरून सरकावीत तशी सरकत होती. पतंग दिसेनासा झाल्यावर मी म्हटले, "आता त्याच वाटेने डोळे तस्सेच सावकाश ने बघू." लगेच बुबुळे टप्पे घेऊ लागली. तिला विचारले तर म्हणाली, "मामा, सरळच तर नेले!" ती खोटे बोलत नव्हती. उडीच्या वेळचे दिसणे मेंदू आपल्यापर्यंत पोचूच देत नाही. आरशात आपल्याच एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे बघा, डोळा हललेला कधी दिसणार नाही. शेजारी उभ्या माणसाला मात्र दिसेल.

सरकायला डोळ्याला हलणारे काहीतरी लागतेच. मेंदूच्या मागच्या बाजूला 'एमटी' म्हणतात तो भाग आहे. तिथल्या पेशी वस्तू कोणत्या दिशेला, किती वेगाने चालली आहे ते टिपतात. तिथून निरोप कपाळामागच्या भागाकडे, मेंदूच्या देठाकडे आणि लहान मेंदूकडे जातो, आणि शेवटी डोळ्याच्या सहा स्नायूंकडे. १९८५ साली माकडांच्या मेंदूतला हा 'एमटी' भाग थोडा बाधित करून पाहिले, तेव्हा हलत्या ठिपक्याबरोबर डोळे नीट सरकेनात. स्थिर ठिपक्याकडच्या उड्या मात्र शाबूत होत्या. इतके वेगळे काम आहे तर शब्दही वेगळेच हवेत.

मग 'पाठलाग' का नको? पाठलाग करणारा मागे असतो, आणि गाठले की पाठलाग संपतो. डोळा मागे असतो तो फक्त सुरुवातीला, सेकंदाचा दहावा भाग. मग तो पतंगाचा वेग पकडतो, आणि खरे काम तिथून सुरू होते. वेग जुळला की पतंगाची प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावर जवळजवळ स्थिर होते. म्हणजे ज्या हालचालीच्या निरोपावर डोळा निघाला, तो निरोपच उरत नाही. तरी डोळा थांबत नाही, कारण आपण डोळ्याला काय वेग दिला आहे याची नोंद मेंदू स्वतःशी ठेवतो आणि वस्तू पुढे कुठे जाईल हेही धरून चालतो. 'मागोवा'ही याच कारणाने बसत नाही. माग हा निघून गेलेल्याचा असतो. 'पाठपुरावा' फायलींना राहू द्या.

माझा शब्द 'संगत'. तबलजी गायकाच्या मागे धावत नाही. लय धरतो, पुढची जागा ओळखतो आणि बरोबर चालतो. १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा जिथे निघाली त्या बडोद्यात हा अर्थ फोड करून सांगावा लागू नये. 'साथ' हा शब्द खरे तर अधिक रुळलेला, पण 'डोळ्यांची साथ' म्हटले की पेशंट डोळे आलेत असे समजून रुमाल शोधेल. 'वाईट संगत' आठवेल ही शंका मला फारशी खरी वाटत नाही. 'नजरेची' हे विशेषण जोडले की अर्थ आपोआप वळतो.

शिवाय या शब्दाला क्रियापदे तयार मिळतात. संगत धरणे, संगत सुटणे. पतंगाने झपकन गोता मारला की संगत सुटते, डोळा उडी मारून त्याला गाठतो आणि पुन्हा संगत धरतो. तुमच्या तपासणीत नेमके हेच पाहायचे असते. तेव्हा पेशंटसमोर बोट हलवताना म्हणा, "काका, मान हलवू नका, फक्त डोळ्यांनी बोटाची संगत धरा."