मुलगा की मुलगी, हे लगेच सांगता येत नसेल तेव्हा

ताई, बाळाच्या बाह्य अंगावरून डॉक्टरांना मुलगा की मुलगी हे सांगता येत नाहीये, आणि 'गरोदरपणात माझ्या खाण्यात काही आलं का' असं तुम्ही विचारलंय. आमच्या मुलीच्या वेळी मीही भेटेल त्याला हेच विचारत होते, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. औषधोपचार तुमच्या डॉक्टरांच्याच सल्ल्याने करा.

एक्स-वाय तुम्हाला ठाऊक असेलच: सहसा एक्सएक्स म्हणजे मुलगी, एक्सवाय म्हणजे मुलगा. पण गर्भधारणेच्या क्षणी ठरतात ती फक्त गुणसूत्रं. पुढचे साधारण सहा आठवडे सगळ्याच गर्भांच्या जननग्रंथी सारख्या दिसतात. (दवाखान्यात शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून त्यांच्या हिशेबात आठ.) मग वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक, जे १९९० मध्ये सापडलं, कामाला लागलं तर त्या ग्रंथींचे वृषण होतात. बाहेरचं अंग त्यानंतर संप्रेरकांवर (हार्मोन्सवर) घडत जातं आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास वेगळं दिसू लागतं. यातल्या एखाद्या टप्प्यावर काही वेगळं घडलं, की आतलं आणि बाहेरचं जुळत नाही.

आमच्या मुलीची गुणसूत्रं एक्सएक्स, गर्भाशय आणि बीजांडकोश व्यवस्थित. पण तिच्या मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीत एका विकराची (एन्झाइमची) कमतरता होती. या आजाराला सीएएच (कंजेनिटल अॅड्रिनल हायपरप्लेसिया) म्हणतात. त्यामुळे कॉर्टिसॉल हे शरीराला आवश्यक संप्रेरक पुरेसं बनत नव्हतं आणि पुरुषी संप्रेरकं जास्त बनत होती, म्हणून बाहेरचं अंग मुलासारखं दिसत होतं. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच हे होतं. खाण्याचा काहीही संबंध नाही.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते नोंदणीचं टेबल. 'रकाना रिकामा ठेवता येत नाही' म्हणून तिथल्या माणसाने डॉक्टरांना न विचारता 'मुलगा' लिहून टाकलं. तीच नोंद रक्ताच्या नमुन्यासोबत प्रयोगशाळेत गेली. अहवालात एक्सएक्स आलं, तेव्हा नमुन्यांची अदलाबदल झाली असं समजून त्यांनी अहवालच अडवला आणि पुन्हा रक्त मागवलं. तोवर बाळ दूध ओकत होतं, वजन घटत होतं. याच आजारामुळे शरीरातून मीठ निघून जात होतं आणि आम्ही कागद जुळवत बसलो होतो. पुढे ती नोंद बदलायला तेच कार्यालय आमच्याकडेच पुरावे मागत राहिलं. आजही आठवलं की संताप येतो.

म्हणून माझं ठाम मत: नाव, नोंद, नातेवाइकांना सांगणं, सगळं थांबू द्या. आधी सोडियम, पोटॅशियम, साखर आणि १७-ओएचपी (हा आजार ओळखण्यासाठी रक्तात मोजतात ते संप्रेरक) या तपासण्या झाल्यात का ते विचारा. हाच आजार असेल तर मिठाचा हा धोका जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उद्भवतो. उलट्या, सुस्ती, दूध न ओढणं यांपैकी काहीही दिसलं तर अहवालाची वाट न बघता बाळाला दाखवा. वेळेवर औषध सुरू झालं तर बाळ सावरतं, आमची सावरली. तुमच्या बाळाचं कारण वेगळंही असू शकेल, पण हे आधी तपासायलाच हवं.

शस्त्रक्रियेची घाई कुणी केली तर दुसरं मत घ्या. लघवीला अडथळा नसेल तर थांबायला बहुधा वाव असतो. आणि निदान हेच निघालं, तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते, तेव्हा त्याआधी जनुकीय समुपदेशकांना जरूर भेटा.