दोन रात्रींचे पाहुणे आणि सोसायटीची नोटीस

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की आईच्या पश्चात लालबागचा 430 चौरस फुटांचा वन बीएचके तुमच्या नावावर झाला, शेअर सर्टिफिकेटही झालं, तुम्ही राहता डोंबिवलीला आणि गेलं वर्षभर तो फ्लॅट ॲपवर टाकून दोन-तीन रात्रींसाठी देता, येणारे बहुतेक टाटा हॉस्पिटलमधल्या पेशंटचे नातेवाईक. आता सोसायटीची नोटीस आलीय, 15 दिवसांत बंद करा नाहीतर दर पाहुण्यामागे रोज 300 रुपये आणि महिन्याला 3,000 नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ती रक्कम) भरा, शिवाय पाणी तोडू.

पाण्याचं आधी सांगतो, कमिटीला पाणी तोडायचा अधिकार नाही. थकबाकी असली तरी नाही, वसुलीचे मार्ग वेगळे आहेत. तोडलंच तर त्याच दिवशी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार टाका.

3,000 पण चालणार नाही. 1 ऑगस्ट 2001 च्या सरकारी आदेशाप्रमाणे नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि मुंबई हायकोर्टाने 2007 मध्ये मॉन्ट ब्लांक सोसायटीच्या केसमध्ये तो आदेश कायम ठेवलाय. तुम्ही पाठवलेल्या मेंटेनन्स बिलात सर्व्हिस चार्जेस 1,900 आहेत, सिंकिंग फंड, रिपेअर फंड, पाणी सगळं वेगळं दाखवलंय, म्हणजे तुमचा आकडा होतो 190 रुपये. आणि ते रोजचे 300 कुठल्या उपविधीत (सोसायटीच्या नियमात) बसतात ते त्यांनाच लेखी विचारा.

पण एवढ्यावर खूश होऊ नका, कारण तुमची स्वतःची बाजू लंगडी आहे आणि ते मी स्पष्ट सांगणारच. फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या भाडेकरारावर) द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही हे खरं, पण आदर्श उपविधीप्रमाणे 8 दिवस आधी कळवायचं असतं, कराराची कॉपी द्यायची असते, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे तो करार लेखी आणि रजिस्टर्ड हवा, नसेल तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड मालकाला होऊ शकतो, भाडेकरूला नाही. तुमच्याकडे नुसतं ॲपचं बुकिंग आहे. ते दाखवून तुम्ही लिव्ह अँड लायसन्स म्हणायला गेलात तर कलम 55 अंगावर येतं, आणि नाही म्हणालात तर सोसायटी म्हणणार की रहिवासी बिल्डिंगमध्ये गेस्ट हाऊस चालवताय. हे त्यांनी महापालिकेच्या एफ साऊथ वॉर्ड ऑफिसला कळवलं तर 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून जी मालमत्ता कराची माफी आहे तीही धोक्यात येईल, कारण ती माफी राहत्या घरांसाठी आहे.

पर्यटन विभागाच्या निवास-न्याहरी (बेड अँड ब्रेकफास्ट) योजनेत नाव नोंदवा असं कोणीतरी तुम्हाला सुचवलंय, पण त्या योजनेचा पायाच हा की मालक त्याच घरात राहतो आणि काही खोल्या पाहुण्यांना देतो. तुम्ही डोंबिवलीला, त्यामुळे तो रस्ता तुमचा नाही.

टॅक्सचं फार टेन्शन घेऊ नका, फक्त लपवू नका. तुम्हाला पाहुण्यांकडून मिळणारे वर्षाचे 3 लाख 80 हजार म्हणजे जीएसटीच्या 20 लाखांच्या मर्यादेच्या खूप खाली, ॲपवरच्या बुकिंगचा जीएसटी तुमच्या वतीने ॲपवालेच भरतात (रोजचं भाडं 7,500 पर्यंत असेल तर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के). इन्कम टॅक्समध्ये मात्र तुमच्या सीएला एक गोष्ट नीट विचारा, तुम्ही चादरी, साफसफाई, वायफाय सगळं देता, तेव्हा हे सरळ घरभाडं न धरता धंद्याचं उत्पन्न धरलं जाण्याची शक्यता जास्त आहे, मग लॉन्ड्री, कामवाल्या मावशींचा पगार, ॲपचं कमिशन असे खर्च वजा होतात पण घरभाड्यावरची 30 टक्के सरसकट वजावट मिळत नाही. दोन्ही एकदम नाही घेता येत.

माझं मत विचाराल तर ॲपवरची लिस्टिंग आजच थांबवा, घर देणं थांबवू नका. टाटाच्या बाहेर फुटपाथवर पथारी टाकून झोपलेली कुटुंबं आपण सगळेच बघतो, आणि केमो-रेडिएशन काही दोन रात्रींत संपत नाही, त्यांना दोन-तीन महिन्यांची जागा हवीच असते. तर एका कुटुंबाशी तेवढ्या मुदतीचा करार करा, ऑनलाइन रजिस्टर होतो, स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, मुंबईत रजिस्ट्रेशन फी 1,000 रुपये, सोबत पोलिसांना भाडेकरूची माहिती. पेशंट बांगलादेश किंवा आणखी कुठल्या देशातून आला असेल तर परदेशी राहणाऱ्याची माहिती सरकारला देणारा फॉर्म (फॉर्म सी म्हणून ओळखला जाणारा) 24 तासांत भरायचा, यात अजिबात आळस नको.

नोटिशीला उत्तर मुदतीतच द्या. त्यात लिहा की अल्पमुदतीचं बुकिंग बंद केलंय, यापुढे रजिस्टर्ड करारावरच देणार आणि 8 दिवस आधी कळवणार, नियमाप्रमाणे 10 टक्के भरायला तयार आहे, बाकीची मागणी मान्य नाही. जुन्या गोष्टींची सविस्तर कबुली त्या पत्रात अजिबात नको. पत्र ऑफिसमध्ये हातात द्या आणि आपल्या कॉपीवर तारखेसकट पोच घ्या, सेक्रेटरी सही द्यायला टाळाटाळ करायला लागले तर सरळ स्पीड पोस्टने पाठवून पावती जपून ठेवा.