स्टॅन्ली स्पेन्सरच्या ख्रिस्ताच्या चित्रांत जेरुसलेम का दिसत नाही?

तुम्ही विचारलंय की हा माणूस आयुष्यभर बायबलमधले प्रसंग रंगवत होता, मग सगळीकडे इंग्लंडातलं खेडंच का दिसतं. माझा अतिशय आवडता चित्रकार आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते खेडं म्हणजे कुकम, थेम्सच्या काठावरचं. १८९१ मध्ये तिथेच जन्मला, वडील ऑर्गन वाजवायचे, संगीताच्या शिकवण्या घ्यायचे, घरात बायबल मोठ्याने वाचलं जायचं. लंडनच्या स्लेड स्कूल या कलाशाळेत शिकताना पोरगा रोज ट्रेनने घरी परत, मग मित्रांनी नावच पाडलं 'कुकम'! लहानपणी ऐकलेलं सगळं त्याला आपल्याच गल्लीत घडताना दिसायचं, आणि ते त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही.

'द रिझरेक्शन, कुकम' (१९२४-२७) गुगल करून झूम करून बघा. साडेपाच मीटर लांब कॅनव्हास, गावातल्या चर्चचं कबरस्तान, आणि मेलेली माणसं थडग्यातून उठतायत पण कुठे गडबड नाही, दुपारची झोप झाल्यासारखी निवांत. त्याची बायको हिल्डा त्यात एकदा नाही, अनेकदा आहे, एके ठिकाणी फुलाचा वास घेतेय. याच हिल्डाशी १९३७ मध्ये घटस्फोट घेऊन त्याने लगेच पॅट्रिशिया प्रीसशी लग्न केलं, ते लग्न नावापुरतंच राहिलं आणि हा हिल्डालाच पत्रं लिहीत बसला, ती वारल्यावरसुद्धा. हिल्डावर अन्यायच झाला, चित्रं कितीही आवडली तरी मला ते विसरता येत नाही.

पण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम इंग्लंडातल्याच बर्गक्लेअर गावच्या सँडहॅम मेमोरियल चॅपलमध्ये, म्हणजे एका छोट्या प्रार्थनाघरात आहे. पहिल्या महायुद्धात तो ब्रिस्टलच्या लष्करी हॉस्पिटलात ऑर्डर्ली (वॉर्डबॉयसारखा मदतनीस) होता, नंतर मॅसेडोनियात. त्या आठवणी १९२७ ते ३२ त्याने या भिंतींवर उतरवल्या आणि त्यात लढाई जवळजवळ नाहीच! वॉर्डातला चहा आहे, ब्रेड-जॅमचे ढीग, धुण्याचे कपडे वेगळे करणं, एक जण तर फरशी घासता घासता अक्षरशः आडवा पडलाय. मी गेलो तेव्हा त्या फरशीवाल्यापुढेच खूप वेळ थांबलो होतो. मग वेदीमागची अख्खी भिंत, सैनिक जमिनीतून उठतायत आणि ड्यूटी संपल्यावर सामान जमा करावं तसे आपापले पांढरे क्रॉस ख्रिस्ताकडे देतायत, आणि ख्रिस्त कुठे तर वर लांब, इतका छोटा की शोधावा लागतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं, फरशी घासणं हीच त्याच्यासाठी प्रार्थना होती, मग त्याला जेरुसलेमला कशाला जावं लागेल?

१९३५ मध्ये रॉयल अकॅडमीने (ब्रिटिश कलाकारांची मानाची संस्था, हा तिचा सभासद होता) त्याची दोन चित्रं नाकारली म्हणून राजीनामा दिला, १९५० मध्ये परत गेला, १९५९ मध्ये सर झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात वारला.

कुकमला जमलं तर नक्की जा. लहानपणी तो ज्या चॅपलमध्ये जायचा तिथेच आता त्याची गॅलरी आहे, रंगांचं सामान ज्यातून ढकलत न्यायचा ती बाबागाडीही आहे. आणि कुकमच्या बोटींच्या शर्यतीत ख्रिस्त उपदेश करतोय असं शेवटचं मोठं चित्र, त्यात ख्रिस्त वेताच्या खुर्चीत बसलाय. ते अपुरंच राहिलं, रंग एका जागी थांबतो आणि पुढे नुसत्या पेन्सिलीच्या रेघा, त्या जवळ जाऊन बघा.